चांगल्या पायावर मान खाली

घोडा लंगडतोय हे ओळखण्यात काय मोठंसं, असं कोणालाही वाटेल. पाय उचलून धरला, टेकवताना कचरला, की झाला लंगडा! पण असा उघड उघड लंगडणारा घोडा ओळखायला डॉक्टर लागतच नाही, मोतद्दाराचं पोरगंही सांगेल. खरी पंचाईत असते ती किंचित लंगडणाऱ्या घोड्याची. घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी. कळपात जो मागे पडतो तो आधी मरतो, त्यामुळे दुखणं झाकायचं हे त्याच्या रक्तातच आहे. बोलायला तोंड नाही, आणि चालीतून काही कळेल म्हणावं तर तीही तो शक्य तितकी सावरून घेतो. अशा प्राण्याच्या चालीतून त्याचं दुखणं वाचायचा माणसाने कसकसा प्रयत्न केला, त्याची ही गोष्ट. बरेच दिवस सवडीने यावर वाचत होतो, म्हटलं एकदा लिहूनच काढावं.

आपल्याकडे घोड्याच्या वैद्याला जुना शब्द आहे सालोत्री. शालिहोत्र मुनींच्या नावावरून आलेला. अज्ञातवासात विराटाच्या घरी घोडे सांभाळायला राहिलेला नकुल तर सगळ्यांना माहीत आहेच. त्याच्या नावावर घोड्यांच्या चिकित्सेचा एक संस्कृत ग्रंथही सांगतात, आणि जयदत्ताचं 'अश्ववैद्यक' आहे. म्हणजे घोड्याचं वैद्यक काही साहेबाने आणलेलं नाही. मात्र जगात सगळीकडेच, सालोत्री असो की युरोपातला नालबंद, निदान व्हायचं ते डोळ्यांनी आणि हातांनी. गुरूने दाखवायचं, शिष्याने बघायचं. वीस-तीस वर्षं घोडे बघून ज्याची नजर तयार झाली त्याचा शब्द अखेरचा.

ही नजर नेमकं काय बघते ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

घोडा बघायचा तो दुडकीत. चालताना चारी पाय एकामागून एक पडतात, भरधाव असताना सगळाच गोंधळ असतो. पण दुडक्या चालीत तिरप्या जोड्या एकदम पडतात: पुढचा डावा आणि मागचा उजवा, मग पुढचा उजवा आणि मागचा डावा. टप-टप, टप-टप. दोन्ही ठोके सारखे असायला हवेत. घोड्याचं डोकं आणि मान मिळून अंगाच्या वजनाचा साधारण दहावा भाग, म्हणजे पाचशे किलोच्या घोड्यात पन्नास किलो! पुढचा एक पाय दुखत असेल तर तो टेकायच्या वेळी घोडा हे पन्नास किलो वर उचलून धरतो, म्हणजे त्या पायावरचा भार कमी होतो. आणि चांगला पाय टेकला की मान खाली सोडतो. 'चांगल्या पायावर मान खाली' हा इंग्रज घोडेवाल्यांचा पाठ करायचा नियम. मागचा पाय दुखत असेल तर मानेऐवजी पुठ्ठ्याकडे बघायचं, तो दोन्ही बाजूंना सारखा वरखाली होतोय का. बस्स, एवढंच. ऐकायला अगदी सोपं. पण दुडकीत हे वरखाली होणं सेकंदाला अडीच-तीन वेळा चालतं, आणि दोन लागोपाठच्या हेलकाव्यांतला बोटभराहून कमी फरक नजरेने पकडायचा असतो. माथेरानला किंवा एखाद्या चौपाटीवर कधी करून बघा, डोळे गरगरतात!

युरोपात या विद्येची शाळा पहिल्यांदा निघाली फ्रान्समध्ये ल्याँ गावात, १७६१-६२ च्या सुमारास. काढणारा क्लोद बूर्जेला हा मूळचा घोडेस्वारी शिकवणारा, त्यामुळे घोडा म्हणजे एक यंत्र आणि त्याच्या मापांत त्याची चाल दडलेली, हा विचार त्याच्यापासूनच चालत आला. त्याच परंपरेतला सँबेल इंग्लंडात गेला. तिथे १७८९ मध्ये 'एक्लिप्स' मेला. हा घोडा १७६४ च्या सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मला म्हणून त्याचं नाव एक्लिप्स, आणि आयुष्यात अठरा शर्यती धावला त्या अठराही जिंकला. हा इतका पळायचा कसा हे शोधायला सँबेलने त्याचं शव उघडलं आणि त्याचं हाडन् हाड मोजलं. सँबेल पुढे लंडनच्या नव्या पशुवैद्यक कॉलेजचा पहिला प्राध्यापक झाला. एक्लिप्सचा सांगाडा म्हणून जो आहे तो आजही त्याच कॉलेजकडे आहे. कल्पना तशी चुकीची नव्हती. पण मेलेल्या घोड्याच्या मापांवरून जिवंत घोड्याची धाव काढायची, म्हणजे सतार उघडून राग शोधण्यातला प्रकार.

धावता घोडा पहिल्यांदा खऱ्या अर्थाने टिपला तो एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने. आणि तोही कॅमेऱ्याशिवाय, मला याचंच कौतुक वाटतं. मारेने प्रत्येक खुराखाली एक रबरी चेंडू बसवला, चेंडूच्या आत घोड्याचेच केस भरलेले. पाय टेकला की चेंडू दबणार, आतली हवा रबरी नळीतून वर जाणार आणि स्वाराच्या हातातल्या छोट्या डबीचा पडदा फुगवणार. पडद्याला टेकलेली काडी, काडीचं टोक काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर. चार पाय, चार नळ्या, चार रेघा. म्हणजे एका हातात लगाम, दुसऱ्या हातात प्रयोगशाळा, आणि खाली घोडा दौडतोय! तो स्वार कोण होता कोण जाणे, पण त्याला नमस्कार. या रेघांवरून मारेने प्रत्येक चालीचं संगीताच्या नोटेशनसारखं टिपण तयार केलं. कुठला पाय कधी टेकला, किती वेळ टेकला, कधी उचलला. १८७३ मध्ये त्याचं 'ला माशीन आनिमाल' हे पुस्तक आलं, आणि दुडकीत नि भरधाव वेगात एक क्षण असा येतो की चारी पाय हवेत असतात, हे त्याने त्यात सांगून टाकलं.

रेघांवर लोकांचा विश्वास बसेना. डोळ्यांना दिसल्याशिवाय खरं कसं मानायचं? कॅलिफोर्नियाचा माजी गव्हर्नर लीलंड स्टॅनफर्ड याला घोड्यांचा भारी नाद. त्याने मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरला कामाला लावलं. (पंचवीस हजार डॉलरची पैज लागली होती ही गोष्ट सगळे सांगतात, पण तिला पुरावा नाही.) १८७८ च्या जून महिन्यात पालो आल्टोला धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीने मांडले, आडवे धागे ताणले, आणि सॅली गार्डनर नावाची घोडी त्यावरून दौडत नेली. एकेक धागा तुटत गेला तसा एकेक कॅमेरा उघडला. चारी पाय हवेत होते, पण चित्रकार शेकडो वर्षं काढत होते तसे पुढेमागे फाकलेले नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले! जेरिकोने १८२१ मध्ये काढलेलं एप्सम डर्बीचं प्रसिद्ध चित्र घ्या. त्यातले घोडे सुंदर आहेत, पण तसा घोडा पृथ्वीवर कधी धावला नाही. थोडक्यात, नजर तयार असणं वेगळं आणि नजरेला दिसणं वेगळं. पिढ्यान् पिढ्या घोड्यांमध्ये वाढलेल्या माणसांनाही हे दिसलं नव्हतं.

गंमत म्हणजे मारे आणि मायब्रिज दोघेही १८३० साली जन्मले आणि १९०४ साली वारले. दोघांच्या नावांची आद्याक्षरंसुद्धा मूळची एकच. प्रसिद्धी मायब्रिजला मिळाली, सिनेमाचा आजोबा म्हणून. पुढे त्याचं आणि स्टॅनफर्डचं फाटलं, कोर्टकचेरी झाली, असो, तो वेगळा विषय. मला मात्र या गोष्टीतला मोठा माणूस मारे वाटतो. मायब्रिजने घोडा बाहेरून बघितला, मारेने घोड्याच्या अंगावर यंत्र बांधून त्यालाच लिहायला लावलं. नंतरची सगळी यंत्रं या दोनपैकी एका घराण्यातली आहेत.

यानंतर खरं म्हणजे भराभर प्रगती व्हायला हवी होती. झाली नाही, कारण मोटार आली. ज्या जनावराच्या पायावर टपाल, तोफा, नांगर आणि ट्राम चालत होती त्याचं कामच गेलं, मग त्याचा पाय कोण मोजणार? डॉक्टरांची नजर मात्र चालू राहिली. अमेरिकेत ॲडम्स यांनी १९६२ मध्ये घोड्यांच्या लंगडण्यावर जे पुस्तक लिहिलं ते त्या धंद्याचं बायबल झालं, आणि पुढे तिथल्या घोड्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेने शून्य ते पाच अशी श्रेणी ठरवली. शून्य म्हणजे काहीच दिसत नाही, पाच म्हणजे पाय टेकतच नाही. भानगड आहे ती एकची: 'दिसायला कठीण आणि सातत्याने न दिसणारं'. ही श्रेणी आहे की कबुलीजबाब!

घोडा परत आला तो खेळाच्या निमित्ताने. स्वीडनमध्ये दुडक्या चालीच्या शर्यतींचं मोठं वेड. तिथे फ्रेड्रिकसन, ड्रेवेमो वगैरे मंडळींनी १९७० नंतर वेगवान फिल्मवर हे घोडे टिपून एकेक चित्र हाताने मोजायला घेतलं. मग घोड्यांसाठी ट्रेडमिल आलं. हॉलंडात उट्रेख्ट इथे जमिनीत वजनकाट्यासारख्या पट्ट्या बसवून कुठल्या पायावर किती भार पडतो ते मोजू लागले. तिथेच १९८८ च्या सुमारास मर्केन्स आणि स्कामहार्ट यांनी एक नाल वापरली, तिला स्क्रू. स्क्रू पिळला की तळव्यावर दाब पडून घोडा लंगडणार, सैल केला की पुन्हा ठीक. वाचताना अंगावर काटा येतो खरा. पण त्याशिवाय 'याच पायात, एवढंच दुखतंय' हे नक्की माहीत असलेला घोडा आणणार कुठून? मानेचा आणि पुठ्ठ्याचा जुना नियम आकड्यांत सिद्ध झाला तो अशाच प्रयोगांतून.

आणि त्याचबरोबर नियमातली फसवणूकही आकड्यांत दिसली. समजा दुखतोय मागचा डावा पाय. तो टेकतो तो पुढच्या उजव्याबरोबर. त्या क्षणी मागचा भार कमी करायला घोडा अंग पुढे ढकलतो, मान खाली जाते. आता बघणाऱ्याला काय दिसतं? पुढच्या उजव्यावर मान खाली, म्हणजे उजवा चांगला, म्हणजे पुढचा डावा लंगडा! दुखतोय मागचा, पकडला जातो पुढचा. अनुभवी डॉक्टर हे ओळखतात, पण फरक बारीक असला की तेही चकतात. आणि मग चांगल्या पायाचे एक्सरे, चांगल्या पायात इंजेक्शनं, खऱ्या पायावर शर्यत. रेसकोर्सवर मोडणाऱ्या पायांपैकी बऱ्याच पायांत आधीपासून बारीक चिरा पडत आलेल्या असतात. केंटकीमध्ये २०२३ च्या वसंतात चर्चिल डाउन्सवर बारा घोडे गेले, शेवटी तिथल्या शर्यती दुसरीकडे हलवाव्या लागल्या. थोडं लंगडणं वेळेत दिसणं म्हणजे काय, ते अशा वेळी कळतं.

मिसुरी विद्यापीठातल्या केव्हिन कीगन यांना हाच प्रश्न छळत होता. त्यांनी जपानमधल्या आणि आपल्याच विद्यापीठातल्या इंजिनिअर मंडळींना घेऊन मारेचं घराणं पुढे चालवलं. काडेपेटीएवढी तीन यंत्रं: एक डोक्यावर, एक पुठ्ठ्यावर, एक पुढच्या उजव्या पायाला. सेकंदाला दोनशे वेळा नोंद, नळीऐवजी बिनतारी लहरी. घोडा पंचवीस-तीस पावलं दुडकीत नेला की डावं-उजवं किती मिलिमीटर वेगळं ते पडद्यावर येतं. डोक्याला सहा मिलिमीटर, पुठ्ठ्याला तीन मिलिमीटर, त्याच्या वर गेलं तर लक्ष द्या. २००७ पासून त्याची कंपनीही निघाली.

पण कीगन यांचं खरं महत्त्वाचं काम मला वेगळंच वाटतं. २०१० साली त्यांनी १३१ घोडे घेतले आणि प्रत्येक घोडा दोन ते पाच अनुभवी डॉक्टरांना स्वतंत्रपणे बघायला लावला. ठळक लंगडणाऱ्या घोड्यांत, म्हणजे श्रेणी दीडच्या वर, पाय लंगडा की नाही यावर ९३ टक्के वेळा एकमत झालं. दीड किंवा त्याखाली? ६२ टक्के. नाणं उडवलं तर पन्नास टक्के हाताशी असतातच की! लंडनच्या कॉलेजात, तेच एक्लिप्सवालं, २००६ मध्ये आणखी एक गोष्ट तपासली. पायाची नस बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि घोडा नीट चालू लागला की दुखणं तिथेच, ही डॉक्टरांची भरवशाची परीक्षा. तर इंजेक्शन दिलंय हे माहीत असलं की बघणाऱ्याला घोडा सुधारल्यासारखा दिसतो, असं निघालं. आणि २००९ मध्ये तिथल्याच लोकांनी दाखवलं की दोन बाजूंतला फरक पाव हिश्शाहून कमी असेल तर माणसाच्या डोळ्याला तो दिसतच नाही. म्हणजे डॉक्टर कमी पडले असं नाही. डोळाच तेवढा.

इथे गोष्ट संपली असती तर यंत्राचा विजय म्हणून टाळ्या वाजवता आल्या असत्या. तसं झालं नाही. स्वीडनच्या मारी रूडीन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये असे २२२ घोडे मोजले, ज्यांचे मालक म्हणत होते आमचा घोडा ठणठणीत आहे, रोज स्वारी होते. त्यातले १६१ यंत्राच्या मर्यादेबाहेर गेले. शंभरातले बहात्तर! आता म्हणायचं काय? बहात्तर टक्के घोडे दुखणं सोसत पाठीवर माणूस वाहतायत आणि मालकांना पत्ताच नाही? की माणसात डावरे-उजवे असतात तसे घोड्यातही असतात, आणि यंत्र जे मोजतंय ते लंगडणं नव्हेच, नुसतं असमान चालणं?

यावर डॉक्टरांत चांगलीच जुंपली. त्याच वर्षी फान वेरेन आणि इतरांनी 'लंगडणं' या शब्दाचीच व्याख्या पुन्हा करायची का, असा सवाल एका अग्रलेखात टाकला. त्यांचं म्हणणं असं की लंगडा म्हणणं हा डॉक्टरचा निर्णय आहे, यंत्र फक्त असमानता सांगतं. उलट बाजूचे म्हणाले, बरं आहे, म्हणजे किरकोळ दुखण्याकडे डोळेझाक करायला मोकळे. मला दोन्ही बाजू पटतात, आणि हा प्रश्न नुसता शब्दांचा नाही. घोडा विकायचा असला की खरेदीआधी तपासणी होते. तीन मिलिमीटरवरून ठणठणीत घोड्याचा सौदा मोडला तर मालकाचं दिवाळं, वर निष्कारण इंजेक्शनं. आणि दुखरा घोडा 'त्याची चालच तशी' म्हणून सोडून दिला तर भोगणारा बोलणार नाही.

मग स्वीडनच्या त्याच मंडळींनी २०१९ मध्ये साधासरळ उपाय केला. दुखतंय का हे घोडा सांगत नाही ना, मग वेदनाशामक देऊन बघू. मालकाच्या मते ठीक पण मोजणीत असमान असे ६६ घोडे घेतले. प्रत्येकाला काही दिवस मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक, काही दिवस नुसतंच खोटं औषध, आणि मोजमाप. औषधाने असमानता कमी झाली नाही. म्हणजे दुखत नव्हतं? असेलही. किंवा दुखणं अशा जातीचं की या औषधाला दाद देत नाही. लेखकांनी दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवल्या आहेत, आणि प्रामाणिक माणसाने तसंच करायला हवं.

दरम्यान मायब्रिजचं घराणंही थांबलेलं नाही. स्वीडनमधूनच एक मोबाईल ॲप आलंय, स्लाइप नावाचं. (नॉर्स पुराणातल्या ओडिन देवाच्या आठ पायांच्या घोड्याचं नाव स्लाइपनिर, त्याची आठवण होते. आठ पायांची दुडकी मोजायची तर काय करतील?) अंगाला काही न बांधता नुसत्या फोनच्या चित्रीकरणातून संगणक चाल मोजतो. बारा कॅमेरे आणि धागे खिशात मावले.

आणि एकीकडे स्यू डायसन. न्यूमार्केटच्या ॲनिमल हेल्थ ट्रस्टमध्ये (ही संस्था २०२० मध्ये बंद झाली) त्यांनी अनेक वर्षं काम केलं. त्यांनी पायांकडे बघायचं थोडं बाजूला ठेवून घोड्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. पाठीवर स्वार असताना घोडा कान मागे टाकतो का, डोळे कसे करतो, तोंड उघडतो का, शेपटी झटकतो का, अशा चोवीस गोष्टींची यादी केली. त्यातल्या आठ किंवा जास्त दिसल्या तर कुठेतरी दुखत असण्याची शक्यता मोठी. या यादीला ना चेंडू लागतो ना कॅमेरा. कुंपणाला टेकून दहाएक मिनिटं घोड्याच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं, आणि खुणा करत जायच्या.